बोलायचे पैसे

आमच्या घरात जमाखर्चाची वही अजून हाताने लिहिली जाते. लग्न होऊन बेळगावात आले तेव्हा सासूबाईंनी किल्ल्यांच्या आधी ही वही माझ्या हातात दिली होती. दूध, किराणा, गॅस, देवळाची वर्गणी, मुलांची फी, सगळं ओळीने.

परवा कपाट आवरताना सहा-सात वर्षांपूर्वीची वही सापडली. धाकट्या जाऊबाईंचा मुलगा तेव्हा दहावीत होता. अचानक त्याचं जेवण तुटलं. रात्री झोप नाही, सकाळी पोटात दुखतं म्हणून शाळा बुडायची. वहीत सगळं उतरलं आहे: पोटाचे डॉक्टर, रक्ततपासणी, सोनोग्राफी, परत रक्त, मग दुर्बिणीची तपासणी. रिपोर्ट सगळे नॉर्मल. शेवटी त्या डॉक्टरांनीच सांगितलं, "पोट चांगलं आहे, मुलाच्या मनाचं बघा." समुपदेशक बाईंची पहिली फी भरून आलो त्या रात्री सासूबाई म्हणाल्या, "एवढे पैसे नुसतं बोलायला? बोलायला घरात आम्ही बारा माणसं आहोत की!"

तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, प्रश्न चुकीचा नव्हता. खर्च करणाऱ्या माणसाने विचारायलाच हवा असा तो प्रश्न. बी.ए.ला माझा विषय इतिहास, म्हणून शोधायला लागले, की हा हिशेब आधी कुणी मांडला होता का?

तर सुरुवात करावी लागते १८९९ पासून. त्या वर्षी आपल्या स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत शिकागोला मुलांसाठी वेगळं न्यायालय सुरू झालं. त्याआधी चोरी करणाऱ्या पोरालाही मोठ्या माणसांच्याच तुरुंगात टाकत. न्यायालय झालं, पण तीच मुलं पुन्हा पुन्हा तिथे येऊ लागली. ती अशी का वागतात, हे शोधण्यासाठी १९०९ मध्ये विल्यम हीली या डॉक्टरांच्या हाताखाली एक संस्था उघडली. तिचा पहिल्या पाच वर्षांचा खर्च कुणी उचलला? एथेल डमर नावाच्या बाईंनी. घरच्या श्रीमंत, मुलाबाळांच्या आई. मुलांच्या मनासाठी पहिली मोठी पिशवी एका बाईने सोडली, हे वाचून मला फार बरं वाटलं.

पुढे १९२० नंतर अमेरिकेत 'बाल मार्गदर्शन केंद्रं' निघाली. एक मनोविकारतज्ज्ञ, एक मानसशास्त्रज्ञ आणि घरी जाऊन चौकशी करणारी एक समाजसेविका, असे तिघे मिळून एका मुलाकडे बघायचे. हीच पद्धत आपल्याकडे मुंबईत आली. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली आणि पुढच्याच वर्षी तिने बाल मार्गदर्शन केंद्र सुरू केलं. पण एका मुलामागे तीन शिकलेली माणसं म्हणजे पगार आले, जागा आली. साहजिकच असली केंद्रं मोठ्या शहरांत राहिली. खेड्यातल्या मुलापर्यंत काही पोहोचलं नाही.

मग प्रश्न पडला, की हा खर्च परत येतो का? त्याचं सगळ्यात गाजलेलं उत्तर मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावातून आलं. १९६२ पासून तिथे गरीब कृष्णवर्णीय घरांतली तीन-चार वर्षांची १२३ मुलं निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटातल्या ५८ मुलांना रोज बालवाडी, शिवाय आठवड्याला एकदा बाई घरी येऊन आईशी बोलायच्या. दुसऱ्या गटाला काही नाही. सुरुवातीला पहिल्या गटाचा बुद्ध्यंक वाढला, आणि काही वर्षांतच दोन्ही गट बरोबरीला आले. तेव्हा वही मिटली असती तर 'पैसे वाया गेले' असाच शेरा पडला असता.

पण त्यांनी वही मिटली नाही. मुलं २७ वर्षांची झाल्यावर पुन्हा हिशेब केला, तर एका डॉलरमागे सुमारे सात डॉलर परत आले होते. ही मुलं गुन्ह्यात कमी अडकली, जास्त कमावू लागली. नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी आकडे कडक चाळणीने पुन्हा चाळले, तरी वर्षाला ७ ते १० टक्के परतावा निघाला. आणि त्यांच्या मते हा फायदा मुलं हुशार झाली म्हणून आला नाही. ती स्वतःला आवरायला शिकली, भांडण-मारामारी कमी झाली, म्हणून आला. म्हणजे कमाई मनाची होती, बुद्धीची नव्हे!

दुसरी गोष्ट जमैकाची. १९८६-८७ मध्ये किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांतली, वाढ खुंटलेली १२९ लहान मुलं घेतली. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास यायच्या. टाकाऊ वस्तूंची खेळणी करायची, आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवायचं, एवढंच. दोन वर्षं हे चाललं. ती मुलं १७-१८ वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात चिंता आणि उदासी कमी दिसली. वीस वर्षांनी त्यांची कमाई इतर तशाच मुलांपेक्षा २५ टक्के जास्त होती. मोठे डॉक्टर नाहीत, मशिनी नाहीत. तुमच्या-माझ्यासारख्या बायका, आणि एक तास.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. १९९६ मध्ये डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथे 'संगाथ' ही संस्था काढली. मनाच्या उपचाराचा बराचसा भाग साध्या, पण नीट शिकवलेल्या माणसांनाही करता येतो, हे या संस्थेने दाखवून दिलं. तिच्याच लोकांनी पुढे बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी शाळांत एक प्रयोग केला. नाव 'सेहेर'. भित्तिपत्रक, मुलांसाठी पत्रपेटी, आणि कुणाला काही सांगायचं असेल तर एकट्याने बोलायची सोय. काही शाळांत हे काम बाहेरून नेमलेल्या तरुण कार्यकर्त्याने केलं, काही शाळांत तिथल्याच शिक्षकाने. २०१८ मध्ये निकाल छापून आला. कार्यकर्त्याच्या शाळांत वातावरण सुधारलं, मुलांची उदासी आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत काहीच फरक पडला नाही.

इथे मी थांबले. कारण सरकारला, आपल्यालाही, सुचणारा पहिला मार्ग हाच असतो: आहेत की शिक्षक, वेगळा पगार कशाला? पण मुलाने आपली भीती गुण देणाऱ्याच माणसाला कशी सांगावी? आमच्या घरातल्या बारा माणसांचंही तेच होतं. प्रत्येकाला त्याच्याकडून नव्वद टक्के हवे होते. बोलायला बारा होते, ऐकायला कुणी नव्हतं. स्वस्त वेगळं आणि परवडणारं वेगळं, हे आपण बायका भाजी घेताना जाणतो. कामाला न येणारी स्वस्त वस्तू सगळ्यात महाग पडते.

आणि उशीर तर त्याहून महाग. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मनाचे निम्मे आजार चौदा वर्षांच्या आतच सुरू होतात. म्हणजे आपण 'वय आहे, जाईल' म्हणतो तेच खरं वेळेचं वय.

आपल्या समाजात पैशाची वानवा नाही. पंचकल्याणकात अभिषेकाचे सवाल कुठवर चढतात, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. ते करू नका असं मी म्हणत नाही, श्रद्धा आहे. पण आपल्याच घरातल्या लक्ष्मीबाई पाटील आठवा. कर्मवीर भाऊराव साताऱ्यात परक्या पोरांचं बोर्डिंग चालवत होते, तेव्हा पोरांच्या पोटासाठी या बाईने अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. त्या वसतिगृहातून निघालेली शिक्षणाची गंगा आज सगळा महाराष्ट्र पितो. त्यांनी परताव्याचा आकडा विचारला नव्हता, तरी त्याहून मोठा परतावा मला इतिहासात सापडत नाही.

आपल्या शास्त्रात चार दानं सांगितली आहेत: आहार, औषध, ज्ञान आणि अभय. पहिली तीन आपण जमेल तशी करतो. घाबरलेल्या मुलाची भीती काढणं हे चौथं. एखाद्या महिला मंडळाने, एखाद्या बोर्डिंगने वर्षाकाठी एका शिकलेल्या समुपदेशकाचा पगार उचलला तर किती मुलं सावरतील! आणि ज्यांना काहीच परवडत नाही त्यांच्यासाठी सरकारचा टेलिमानस हा फुकट फोन २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६. स्वयंपाकघरात कॅलेंडरवर लिहून ठेवा.

त्या जुन्या वहीत मी दोन बेरजा केल्या. चार महिन्यांच्या पोटाच्या तपासण्या एका बाजूला, समुपदेशक बाईंच्या अकरा भेटी दुसऱ्या बाजूला. दुसरी बेरीज पहिलीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी निघाली. पोरगा आता नोकरीला लागला आहे. सुट्टीला आला की ताटात दुसऱ्यांदा भात मागून घेतो.

सासूबाई आता नव्वदीला आल्या आहेत. त्यांना दोन्ही आकडे वाचून दाखवले. जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आधीच न्यायला पाहिजे होतं की गं. चार महिने पोरगं उगाच सोसलं."

ते चार महिने कुठल्या खात्यात मांडायचे, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.