देणं आणि दान

बँकेत मी बत्तीस वर्षं नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं तालुक्याच्या गावात गेली. तिथे अंगठा उठवणारे खातेदार पुष्कळ होते आणि त्यांच्यासाठी नियम कडक होते. त्यांना चेकबुक मिळत नसे. पैसे काढायला खातेदाराने स्वतः यायचं. पासबुकावरचा फोटो ताडून बघायचा, किती रक्कम निघते आहे हे मोठ्याने सांगायचं आणि मगच अंगठा घ्यायचा. ज्याला वाचता येत नाही त्याच्या पैशावर अनेकांचा डोळा असतो, एवढी साधी गोष्ट त्या नियमांमागे होती.

निवृत्तीनंतर मुलीकडे ब्रिस्बेनला राहायला गेलो. तिथे क्वीन्सलंडमधल्या मूलनिवासींच्या ‘चोरलेल्या मजुरी’बद्दल वाचायला लागलो आणि माझी त्याच अंगठ्याशी पुन्हा गाठ पडली.

१८९७ साली क्वीन्सलंडने मूलनिवासींच्या ‘संरक्षणा’साठी कायदा केला. जिल्ह्याजिल्ह्यात संरक्षक नेमले गेले आणि बहुतेक ठिकाणी हे काम स्थानिक पोलिसाकडेच असे. कोण कुठल्या गुरांच्या रानावर कामाला जाणार, बाईमाणूस कुणाच्या घरी धुणंभांडी करणार, त्याचा करार मालक आणि संरक्षक यांच्यात व्हायचा. मजुराच्या हाती थोडा खिशाखर्च पडे. उरलेली मजुरी त्याच्या नावाच्या खात्यात जाई, पण खातं चालवायचा तो संरक्षक. स्वतःच्या पैशातून सदरा किंवा घोंगडी घ्यायची तरी त्याची परवानगी लागे. पैसे काढल्याचा पुरावा म्हणून अंगठा घेतला जाई. संरक्षकांनी पैसे खाऊ नयेत, हाही त्यामागचा एक हेतू होता. पण अंगठा घेणारा पोलीस, हिशेब लिहिणारा पोलीस, आणि तक्रार करायची तीही पोलिसाकडेच. कुंपणानेच शेत खायचं ठरवलं तर दाद कुणाकडे मागायची?

मुळात मजुरीच कमी होती. १९१९च्या नियमांनी रानावरच्या मूलनिवासी कामगाराचा दर गोऱ्या कामगाराच्या सुमारे दोनतृतीयांश ठरवला. त्यातून सक्तीची कपात होऊन पैसा ‘कल्याण निधी’त जाई. म्हणजे सरकारने ज्या सोयी करायच्या, त्यांचा खर्च मजुराच्याच खिशातून. संरक्षकांची अफरातफर सरकारला ठाऊक होती. इतिहासकार रोझलिंड किड यांनी नव्वदच्या दशकात खुद्द सरकारी फायली वाचून हे पुढे आणलं. मला त्यात सगळ्यात खटकलं ते हेच. गडबड कळण्यासाठी जे कागद लागतात, ते तयार होत होते, वाचले जात होते आणि कपाटात ठेवले जात होते.

हान्स पिअरसन यांचं उदाहरण घ्या. तिथल्या रिवाजाप्रमाणे वडीलधाऱ्या मूलनिवासी माणसाला ‘अंकल’ म्हणतात. आपण हान्सकाका म्हणू. तरुणपणी त्यांनी उत्तर क्वीन्सलंडमध्ये सुमारे दहा वर्षं गुरांमागे काम केलं. संसार मांडायचा, घर घ्यायचं म्हणून ते साठलेली मजुरी मागायला गेले. त्यांच्या अंदाजाने सात हजार पौंड जमायला हवे होते. हाती पडले २८ पौंड.

२००२मध्ये राज्य सरकारने भरपाई देऊ केली. माणशी चार हजार किंवा दोन हजार डॉलर. चार हजार कुणाला आणि दोन हजार कुणाला? ते वयावर ठरलं. किती वर्षं राबलात, खात्यात किती जमा व्हायला हवे होते, हा प्रश्नच नव्हता. ९ मे २००२ला हयात असलेल्यांनाच हक्क होता. त्याआधी मेलेल्यांची मजुरी त्यांच्याबरोबर गेली. शिवाय पैसे घेताना पुढे दावा करणार नाही असं लिहून द्यायचं होतं. अनेक वृद्धांनी ते कागद परत पाठवले. पैशांची गरज असूनही त्यांनी नकार दिला, कारण सही केली की देण्याचं दान झालं असतं.

काहींनी सही केली, त्यांनाही मी नावं ठेवणार नाही. ऐंशीच्या घरातल्या माणसाला न्यायासाठी आणखी वीस वर्षं थांबा असं कुणी सांगावं?

पुढे हान्सकाकांच्या नावाने सामूहिक दावा दाखल झाला आणि २०१९मध्ये क्वीन्सलंड सरकारने १९ कोटी डॉलरवर तडजोड केली. या वेळी मृतांच्या वारसांनाही वाटा होता. २०२३मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाने १८ कोटींहून अधिक रक्कम मान्य केली आणि तिथल्या मुख्यमंत्र्यांनी माफी मागितली. २०२४मध्ये नॉर्दर्न टेरिटरीतल्या मजुरीसाठी केंद्र सरकारने २० कोटींपर्यंतची तडजोड केली.

आकडे मोठे वाटतात. पण हिशेबाच्या माणसाला त्यात एक गोष्ट दिसत नाही: खातेउतारा. खटल्याचा खर्च जातो, उरलेली रक्कम हजारो माणसांत वाटली जाते, आणि अमक्याच्या नावे इतकी मजुरी, इतकी उचल, इतकं व्याज, ही ओळ शेवटपर्यंत लिहिली जात नाही. ज्या वह्यांवरून ती लिहायची, त्यांतल्या कितीतरी हरवल्या. वह्या सांभाळायची जबाबदारी सरकारची होती आणि त्या नसल्याचा फटका मात्र मजुराला बसला. तरीही या तडजोडींचं मोल मी कमी मानत नाही. वारसांना वाटा देणं म्हणजे ते पैसे मेलेल्या माणसाचेच होते हे मान्य करणं.

आमच्या शाखेत मयत खातेदारांचे वारस यायचे. मृत्यूचा दाखला, वारसाचा कागद, दोन साक्षीदार. कधी खात्यात जेमतेम चारशे रुपये असायचे. आम्ही व्याजासकट मोजून द्यायचो. घेणारी म्हातारी कधीकधी हात जोडायची. मी तिला म्हणायचो, “आजी, हात कशाला जोडता? तुमच्याच धन्याचे पैसे आहेत.”

हान्सकाकांना हे वाक्य ऐकायला साठेक वर्षं लागली, तेही न्यायालयामार्फत.