नावात ‘इंडिया’, पेल्यात कोण? : इंडिया पेल एलचा खरा इतिहास

१/
उचगाव हे कोल्हापूर शहराला खेटून असलेले करवीर तालुक्यातील गाव. ज्या महामार्गाने तेथील तरुण शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्याला जातात, त्याच्या त्या टोकाला २००९ साली ‘डूलाली’ ही भारतातील आरंभीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक सुरू झाली. अशा ठिकाणांच्या यादीत आज एक नाव हमखास आढळते : आयपीए, म्हणजेच इंडिया पेल एल. या नावात ‘इंडिया’ कोठून आला, याचा हा धागा.

२/
सर्वत्र सांगितली जाणारी कथा अशी : इंग्लंडहून भारतात येणारी बिअर वाटेत आंबून खराब होत असे. तेव्हा लंडनच्या जॉर्ज हॉजसनने भरपूर हॉप्स घातलेली, अतिशय तीव्र अशी नवी बिअर शोधून काढली आणि तीच आयपीए. कथा सुटसुटीत आहे. परंतु मार्टिन कॉर्नेल यांच्यासारख्या बिअर-इतिहासकारांनी मूळ कागदपत्रे तपासली, तेव्हा ती टिकली नाही.

३/
हॉजसनच्या आधीही इंग्रजी बिअर भारतात सुखरूप पोहोचत होती. कलकत्त्याच्या वृत्तपत्रांत अठराव्या शतकाच्या अखेरीस पेल एलच्या जाहिराती दिसतात. एवढेच नव्हे, तर गोऱ्या शिपायांसाठी काळसर ‘पोर्टर’ बिअर मोठ्या प्रमाणावर येत असे आणि तीही प्रवास सोसत असे. पेल एल ही मुख्यतः अधिकारी व व्यापारी वर्गाची आवड होती.

४/
मग हॉजसनचे नाव इतके गाजले कसे? उत्तर भूगोलात आणि उधारीत आहे. १७५२ पासून चाललेली त्याची बो येथील ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोदीपासून जवळ होती. जहाजांच्या कप्तानांना स्वतःचा खासगी माल नेऊन विकण्याची मुभा असे. हॉजसन त्यांना दीड वर्षापर्यंतच्या उधारीवर पिंपे देई. शोधापेक्षा सवलत मोठी ठरली.

५/
आफ्रिकेला वळसा घालून येणारा हा प्रवास चार ते सहा महिन्यांचा. जहाज दोनदा विषुववृत्त ओलांडी. उष्णता वाढे, घटे, पुन्हा वाढे. या काळात पिंपातील बिअर मंदपणे मुरत राही. एरवी इंग्लंडमधील तळघरात ज्या पक्वतेला बराच अधिक काळ लागे, ती समुद्रावर लवकर येई. प्रवासाने बिअर बिघडण्याऐवजी सुधारते, हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले.

६/
हॉप्सचे काम यात खरे होते. या वेलीच्या फुलांतील कडवट द्रव्ये बिअर आंबवणाऱ्या अनेक जिवाणूंची वाढ रोखतात. उष्ण प्रदेशात पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्स अधिक घालावेत, हा संकेत हॉजसनच्या आधीपासून ब्रुअरांना ठाऊक होता. आणि ‘अतिशय तीव्र’ म्हणावे, तर तेही नाही. तत्कालीन इंग्रजी बिअरच्या तुलनेत सहा-साडेसहा टक्के मद्यार्क ही मध्यम मात्राच होती.

७/
१८२० च्या सुमारास हॉजसनच्या वारसदारांना लोभ सुटला. त्यांनी कप्तानांना डावलून स्वतःच माल पाठवण्यास आरंभ केला, दर चढवले आणि उधारी बंद केली. दुखावलेल्या हितसंबंधांच्या वतीने कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्चबँक्स यांनी बर्टन गावच्या सॅम्युअल ऑलसॉपला गाठले. रशियाने १८२२ मध्ये लादलेल्या जकातीमुळे बर्टनची गोडसर, गडद बिअर तेथील बाजाराबाहेर फेकली जात होती. ऑलसॉपला नवे गिऱ्हाईक हवेच होते.

८/
पुढची हकिकत अशी सांगतात : ऑलसॉपने हॉजसनची बिअर आपला माल्ट-कारागीर जोब गुडहेड याला चाखवली. त्या कडवटपणाने तो चमकला. पण त्याने चहाच्या किटलीत नमुना उकळून तशीच बिअर करून दाखवली. करवीर तालुक्यातील गुऱ्हाळांवर गुळव्या काहिलीतील पाकाचा थेंब पाण्यात टाकून त्याची पक्वता ओळखतो. जिभेचे आणि बोटांचे हे ज्ञान दोन्ही ठिकाणी एकाच जातीचे आहे.

९/
गुडहेडला ठाऊक नसलेली एक गोष्ट त्याच्या बाजूने होती : बर्टनचे पाणी. तेथील विहिरींच्या पाण्यात जिप्सम विपुल आहे. सल्फेटयुक्त पाण्यात हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ व धारदार उतरतो आणि बिअर नितळ होते. काही वर्षांतच ऑलसॉप आणि पाठोपाठ बास यांनी हॉजसनला भारतीय बाजारात मागे टाकले.

१०/
नाव मात्र नंतर आले. ‘भारतासाठी तयार केलेली पेल एल’ अशा लांबलचक वर्णनाचा संक्षेप होत गेला. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हा शब्दप्रयोग १८२९ साली छापील स्वरूपात आढळतो, तोही भारतात वा इंग्लंडात नव्हे, तर ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या वृत्तपत्रात. म्हणजे ‘इंडिया’ हे उगमस्थान नव्हते. तो बाजारपेठेचा पत्ता होता.

११/
मुंबई बंदरात उतरलेली बिअर पुणे, खडकी, बेळगाव अशा छावण्यांकडे जाई. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. घाटातून रेल्वे १८६३ साली आली. बर्फ दुर्मीळ असताना पाण्यात सोरा विरघळवून त्याच्या थंडाव्यात बाटल्या गार केल्या जात. हे काम करणारा नोकर म्हणजे ‘आबदार’. ज्या पेयाच्या नावात देश होता, त्याच्याशी देशी माणसाचा संबंध बहुधा एवढाच : ओझे वाहणे आणि बाटली गार करणे.

१२/
१८५० च्या दशकात एडवर्ड डायरने हिमालयातील कसौली येथे ब्रुअरी उभारली आणि बिअर भारतातच बनू लागली. पुढे तो मरी येथील ब्रुअरीशी निगडित होता. तेथेच १८६४ मध्ये त्याला मुलगा झाला : रेजिनाल्ड डायर. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा अधिकारी तो हाच.

१३/
याच राजवटीने देशी पेयांशी निराळा व्यवहार केला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळपाची मक्तेदारी आणि ताडीच्या झाडांवरील करांचा बोजा वाढला. १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जवळ बाळगण्यावरही बंधने घातली. आदिवासींसाठी मोह हे केवळ मद्य नव्हते, ते अन्नही होते. उत्पन्नासाठी सरकार दारूची दुकाने वाढवत असताना पुणे नगरपालिकेचे सदस्य जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये त्याला लेखी विरोध केला.

१४/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्फ, यांत्रिक शीतकरण आणि फिकट लागर बिअर यांनी आयपीएची सद्दी संपवली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात त्याची काही कलमे रद्द केली, तरी कायदा राहिला. महाराष्ट्रात आजही परवान्याची पद्धत त्याच कायद्यातून येते. आयपीएचे पुनरुज्जीवन अमेरिकेत झाले. १९७२ मध्ये आलेल्या ‘कॅस्केड’ या हॉप्सच्या वाणाने तिला लिंबूवर्गीय फळांचा गंध दिला.

१५/
आज परीक्षक आयपीए कशी जोखतात? बिअर जजेस सर्टिफिकेशन प्रोग्रॅमच्या पत्रिकेत ५० गुण असतात : गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. रंग सोनेरी ते तांबूस, फेस टिकाऊ, हॉप्सचा गंध ठळक हवा. कडवटपणा माल्टच्या गोडीवर स्वार व्हावा, पण घशात ओरबाडू नये.

१६/
येथे इतिहासाचा एक विरोधाभास दिसतो. आजची आयपीए ताजी असतानाच उत्तम. महिने लोटले की हॉप्सचा गंध विरतो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. एकोणिसाव्या शतकातील आयपीएची कीर्ती मात्र मुरण्यावर उभी होती. दोन्ही पेयांचे नाव एक, पण जिभेला येणारा अनुभव सर्वस्वी भिन्न. आजच्या पेल्यावरून जुन्या चवीची कल्पना करणे म्हणूनच फसवे ठरते.

१७/
‘एका कल्पक इंग्रजाने समुद्रावर मात केली’ ही कथा लोकप्रिय आहे, कारण तीत एकच नायक आहे. खऱ्या इतिहासात उधारीची वही आहे, रशियाची जकात आहे, बर्टनचे पाणी आहे आणि सोऱ्याच्या पाण्यात हात घालून उभा असलेला, नाव न नोंदला गेलेला आबदार आहे. ‘इंडिया’ हा शब्द लेबलवर वाचताना निदान त्याची आठवण व्हावी.

(धागा समाप्त)