सिंहासन (कादंबरी)
परतवाड्यात जन्मलेले पत्रकार-कादंबरीकार अरुण साधू (१९४१–२०१७) यांची सत्ताकारणावरील कादंबरी. मुख्यमंत्री जिवाजीराव आणि त्यांची खुर्ची ओढू पाहणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे यांच्यातील झुंज पत्रकार दिगू टिपणीस जवळून पाहतो. ऑर्वेलच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’मधील (१९४५) प्राण्यांचे रूपक किंवा ‘घाशीराम कोतवाल’मधील (१९७२) पेशवाईचा आडपडदा येथे नाही. सत्ता माणसाला एका झटक्यात नासवत नाही. रोजच्या तडजोडी, आश्वासने आणि फोडाफोडी यांतून ती त्याला पोखरते, हे साधूंनी विलक्षण ताकदीने दाखवले आहे. ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवरून जब्बार पटेल यांनी १९७९ मध्ये ‘सिंहासन’ चित्रपट काढला. पटकथा विजय तेंडुलकरांची. नागपूर येथील ८०व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे (२००७) अध्यक्ष साधू होते.