हृदयाचा चुकलेला ताल

माणसाचे हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा स्पंदन पावते, आणि त्यांपैकी एकाही स्पंदनाची आपणांस सहसा जाणीव नसते. ताल बिनचूक चालू असतो तोवर हृदय आहे याचाही विसर पडलेला असतो. तो चुकला म्हणजे छातीत धडधड होते, डोळ्यांपुढे अंधारी येते, क्वचित माणूस उभ्या जागी कोसळतो. हा ताल ओळखण्याची विद्या फार जुनी आहे. आपल्याकडील शार्ङ्गधरसंहितेत नाडीच्या गतीला सापाची, बेडकाची, हंसाची उपमा दिलेली आहे, आणि जी नाडी थांबत थांबत चालते ती प्राणघातक समजावी, असा स्पष्ट इशाराही दिला आहे. निरीक्षण सूक्ष्म होते यात शंका नाही. परंतु थांबत चालणारी नाडी पुन्हा सरळ चालू कशी करावी, आणि ती सरळ चालू लागली म्हणजे रोगी वाचला असे समजावे काय, हे दोन प्रश्न पुढे कित्येक शतके अनुत्तरितच राहिले. त्यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर गेल्या अडीचशे वर्षांत पायरीपायरीने मिळत गेले. दुसऱ्याचे उत्तर मिळावयास मात्र १९८९ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी मोजावी लागलेली किंमत लहान नव्हती.

या इतिहासाचा आरंभ एका वनस्पतीपासून करावयास हरकत नाही. इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यातील एका वृद्ध स्त्रीजवळ अंगावरील सूज उतरविणारा एक काढा होता. विल्यम विदरिंग या वैद्याकडे १७७५ साली त्याविषयी पृच्छा झाली. काढ्यात वीसएक वनस्पती होत्या. पण त्यांतील गुणकारी ती एकच, फॉक्सग्लव्ह नावाचे जांभळ्या फुलांचे झाड, हे वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्या विदरिंगने ताडले. पुढे दहा वर्षे त्याने हे औषध रोग्यांना देऊन पाहिले आणि १७८५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात दीडशेहून अधिक रोग्यांची हकीकत आहे. ज्यांना गुण आला त्यांची आहे, तशीच ज्यांना आला नाही त्यांचीही आहे. मात्रा थोडी वाढली की हेच औषध विष होते, ओकाऱ्या होतात, नाडी मंदावते, हे त्याने आवर्जून नोंदविले. या झाडाच्याच जातीतील दुसऱ्या एका वनस्पतीच्या पानांतून १९३० साली डिगॉक्सिन हे शुद्ध द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि ते आजही वापरात आहे. औषधाचे यश आणि त्याचे अपयश एकाच वहीत लिहून ठेवण्याचा विदरिंगचा परिपाठ त्याच्यामागून येणाऱ्यांनी तितक्याच निष्ठेने पाळला असता, तर पुढचा एक मोठा अनर्थ कदाचित टळला असता.

बोटांना जे कळत होते ते डोळ्यांना दिसू लागले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. विलेम आइंटहोवेन हा डच शास्त्रज्ञ जन्मला जावा बेटावरील सेमारांग येथे. त्याची प्रयोगशाळा होती हॉलंडातील लायडन नगरात. चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म धागा त्याने प्रबळ चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ताणून बसविला. हृदयाच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर शरीरात जो अतिक्षीण विद्युत्प्रवाह उमटतो, त्याने हा धागा थरथरे आणि त्याची छाया छायाचित्राच्या काचेवर रेखाटली जाई. ते यंत्र सुमारे पावणेतीनशे किलो वजनाचे होते, ते चालविण्यास पाच माणसे लागत, आणि रोग्याला हात व पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. रोग्यांना प्रयोगशाळेत आणणे कठीण, म्हणून १९०५ साली सुमारे दीड किलोमीटर अंतरावरील रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेने हा आलेख प्रयोगशाळेत आणण्यात आला. याच कामगिरीबद्दल आइंटहोवेनला १९२४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज गावोगावच्या दवाखान्यांत निघणारा कार्डिओग्राम तो हाच.

याच सुमारास हृदयाच्या अंतरंगातील व्यवस्थाही उलगडत होती. सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने जर्मनीतील मारबुर्ग येथे राहून, वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे स्पंदनाचा संदेश नेणाऱ्या तंतूंची संपूर्ण वाट १९०६ साली दाखवून दिली. दुसऱ्याच वर्षी इंग्लंडमध्ये आर्थर कीथ आणि त्याचा विद्यार्थी मार्टिन फ्लॅक यांना तो संदेश जेथून निघतो ती इवलीशी गाठ सापडली. हृदयाला ताल देणारा त्याच्या आतच बसलेला आहे हे आता स्पष्ट झाले. मग ताल चुकण्याचे प्रकारही वेगळे करता आले. कधी संदेश वाटेतच अडतो आणि हृदय मंदावते; कधी भलत्याच जागेतून अकाली ठोका उमटतो; आणि कधी वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. अगदी अनियमित नाडीच्या मुळाशी ही थरथर असते, हे टॉमस लुईस याने १९०९ साली आलेखाच्या आधारे सिद्ध केले.

निदान झाले, पण उपाय? येथे एका रोग्यानेच वैद्याला धडा दिला. १९१२ साली वेंकबाख या डच वैद्याकडे एक व्यापारी आला. त्याची नाडी अनियमित होती. वेंकबाखने आपणांजवळ यावर उपाय नसल्याचे सांगितले, तेव्हा व्यापारी म्हणाला की, उपाय मला ठाऊक आहे. एक ग्रॅम कोयनेल घेतले की माझी नाडी ताळ्यावर येते. वैद्याचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी पुन्हा हजर झाला, आणि त्याची नाडी खरोखरच नियमित होती. हिवतापावरचे हे कडू औषध अशा रीतीने हृदयाच्या चिकित्सेत आले. सिंकोनाच्या सालीतील निरनिराळी द्रव्ये फ्राय या जर्मन वैद्याने तपासली, आणि १९१८ साली त्यांत क्विनिडीन हे सर्वांत प्रभावी ठरले. हृदयाच्या पेशींत सोडियमचे कण ज्या सूक्ष्म द्वारांतून शिरतात ती द्वारे ही औषधे काहीशी रोधून धरतात, आणि त्यामुळे उच्छृंखल ठोके दबतात. याच तत्त्वावर रसायनशास्त्रज्ञांनी पुढे कितीतरी नवी औषधे घडविली.

ज्यांचे हृदय मंदावते त्यांना मात्र औषधांचा उपयोग फारसा नव्हता. त्यांना बाहेरून ताल देणारा कोणी हवा होता. बोस्टन येथील पॉल झोल याने १९५२ साली छातीवरून विजेचे ठोके देऊन हृदय चालू ठेवता येते हे दाखविले. पण ते यंत्र भिंतीतील विजेवर चाले आणि रोग्याला त्याचे चटके सोसावे लागत. मिनियापोलिस शहरात मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करणारा लिलेहाय हृदयाला थेट तार जोडी. पण यंत्र तेच, भिंतीशी बांधलेले. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी त्या शहराची वीज गेली, आणि नगराच्या वीजपुरवठ्यावर बालकांचे प्राण टांगून ठेवणे किती धोक्याचे आहे हे सर्वांच्या ध्यानी आले. लिलेहायने अर्ल बॅकन या दुरुस्तीकाराला बॅटरीवर चालणारे यंत्र करावयास सांगितले. बॅकनला विजेच्या छंदाविषयीच्या एका मासिकात मेट्रोनोमची, म्हणजे गायन-वादनाच्या शिकाऊंसाठी ताल मोजणाऱ्या यंत्राची, ट्रान्झिस्टरवर चालणारी जोडणी आढळली. तीत थोडा फेरबदल करून त्याने चार आठवड्यांत हातात मावेल एवढी पेटी तयार केली. संगीताच्या तालयंत्राने हृदयाचा ताल सांभाळला, यात एक विलक्षण औचित्य आहे.

शरीराच्या आत यंत्र बसविण्याचा मान स्वीडनकडे जातो. आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या गृहस्थाची शुद्ध दिवसातून वीस-तीस वेळा हरपे. त्याच्या पत्नीने शल्यचिकित्सक सेनिंग आणि अभियंता एल्मक्विस्ट यांचा पिच्छाच पुरविला. एल्मक्विस्टने यंत्राचे भाग बुटांच्या पॉलिशच्या डबीच्या साच्यात कृत्रिम राळेत ओतून बसविले, आणि ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे ते लार्सनच्या शरीरात ठेवण्यात आले. ते काही तासांतच बंद पडले. मग जवळ असलेले दुसरे बसविले. पुढच्या आयुष्यात लार्सनला वीसहून अधिक यंत्रे बदलावी लागली, पण तो ८६ वर्षे जगला आणि २००१ साली वारला, तोही हृदयविकाराने नव्हे. त्याला वाचविणारे सेनिंग आणि एल्मक्विस्ट हे दोघेही त्याच्याआधी गेले होते.

येथवरची कथा विजयाची आहे. आता तिच्यातील कठीण प्रकरणाकडे वळले पाहिजे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रोग्यांपैकी ज्यांच्या आलेखात अकाली ठोके अधिक आढळतात, ते अकस्मात मरण्याचा संभव अधिक असतो, असे दिसून आले होते. एन्काइनाइड आणि फ्लेकाइनाइड ही नवी औषधे हे ठोके उत्तम दाबीत. तेव्हा ठोके दाबले म्हणजे मरण टळेल, हे अनुमान इतके सरळ वाटले की ते तपासण्याची गरजच कित्येकांना भासली नाही. रोग्याचा आलेख स्वच्छ होई. डॉक्टरला समाधान, रोग्याला धीर. अशा स्थितीत काही रोग्यांना खरे औषध आणि काहींना औषधाविना गोळी देऊन तुलना करण्याचा बेत निघाला, तेव्हा निम्म्या रोग्यांना उपचारावाचून ठेवणे हा अन्याय नव्हे काय, असा आक्षेप अनेकांनी घेतला.

तरीही अमेरिकेत ही चाचणी सुरू झाली. ज्यांचे ठोके औषधाने दबतात हे आधी पाहून घेतले होते, असेच रोगी तीत घेतले. एप्रिल १९८९ मध्ये या दोन औषधांपुरती ती मुदतीआधीच थांबवावी लागली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे, सरासरी दहा महिन्यांत, खरे औषध घेणाऱ्या ७५५ रोग्यांपैकी ६३ मरण पावले. औषधाविना गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी केवळ २६. आलेख सुधारला होता. माणसे दगावत होती. झटक्याने व्रण पडलेल्या स्नायूत ही औषधे संदेशाची गती मंदावतात, आणि त्यामुळे तोच संदेश व्रणाभोवती फिरत राहून प्राणघातक आवर्त निर्माण होण्याचा धोका वाढतो, असा त्याचा उलगडा करण्यात आला. त्यांतील फ्लेकाइनाइड आजही वापरतात, पण ज्यांच्या हृदयाच्या स्नायूला इजा झालेली नाही अशांसाठी. चाचणी झाली नसती तर ही गोष्ट कोणा एका डॉक्टरला आपल्या अनुभवावरून कधीच कळली नसती. झटका येऊन गेलेला रोगी अकस्मात मेला, तर दोष रोगाचाच, असेच प्रत्येकाने मानले असते. निष्पाप दिसणाऱ्या या समजुतीखाली किती मृत्यू झाकले गेले असतील, याचा विचार अंगावर काटा आणतो.

या अनुभवानंतर हृदयाच्या तालाची चिकित्सा अधिक सावध झाली. मिशेल मिरोव्स्की याने आपल्या गुरूच्या अकस्मात मृत्यूने व्यथित होऊन, ताल बिघडताच आतूनच झटका देणारे यंत्र कल्पिले होते. थोरामोठ्यांचा विरोध सोसून ते त्याने सिद्धीस नेले, आणि ४ फेब्रुवारी १९८० रोजी बाल्टिमोर येथे ते प्रथम एका रोग्याला बसविण्यात आले. पण त्याचा व्यापक उपयोगही आता मोजून पाहण्यात आला. झटक्याने हृदय दुबळे झालेल्या १२३२ रोग्यांच्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे वीस महिन्यांत मृत्यूचे प्रमाण यंत्रावाचून शेकडा १९.८, तर यंत्रासह १४.२ आढळले. येथे प्रश्न एकच विचारला होता: माणूस जगला काय?

वरच्या कप्प्यांच्या थरथरीबाबत उत्तर याहून गुंतागुंतीचे निघाले. बोर्दो येथील हैसागेर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखविले की, ही थरथर चेतविणारे ठोके बहुधा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उमटतात. तेव्हा बारीक नळी आत नेऊन त्या जागा डागण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली. परंतु २००२ साली ४०६० रोग्यांच्या चाचणीत, औषधांनी ताल सुधारणे आणि केवळ नाडीचा वेग आटोक्यात ठेवणे, यांत आयुष्याच्या दृष्टीने पहिल्याचा काही लाभ दिसला नाही. मग २०२० साली २७८९ रोग्यांच्या दुसऱ्या चाचणीत असे आढळले की, निदानानंतर वर्षभराच्या आत ताल सुधारण्याचा यत्न केला तर पक्षाघातादी संकटे कमी होतात. पहिला निष्कर्ष खोटा नव्हता. दुसऱ्याने त्याची मर्यादा दाखविली.

अलीकडे तारांवाचून थेट हृदयात बसणारी, दोन ग्रॅम वजनाची तालयंत्रे प्रचारात आली आहेत. २०२५ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी तांदळाच्या दाण्याहून लहान, शरीरातील द्रवांपासूनच वीज मिळविणारे आणि काम संपताच विरघळून जाणारे तालयंत्र प्राण्यांवर यशस्वी करून दाखविले. आणि आपल्या मुंबईतही या इतिहासाचे एक पान लिहिले गेले आहे. अमेरिकेत मृतांच्या वा रोग्यांच्या शरीरातून काढलेली, पण बॅटरी शिल्लक असलेली झटका देणारी यंत्रे निर्जंतुक करून, ती विकत घेणे ज्यांना शक्य नव्हते अशा ८१ रोग्यांना मुंबईत बसविण्यात आली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या कामाच्या अहवालात वापरलेल्या यंत्रामुळे जंतुसंसर्ग झाल्याचे आढळले नाही. येथेही केवळ सद्हेतूवर विसंबून न राहता प्रत्येक रोग्याचे पुढे काय झाले ते नोंदविले गेले, हे विशेष.

यंत्रे अधिकाधिक लहान होत जातील, औषधे अधिक नेमकी होतील. आता तर मनगटावरील घड्याळही नाडीची चूक सांगू लागले आहे. पण आलेखावरील रेघ सरळ झाली एवढ्यावर समाधान मानण्याचा मोह पूर्वी होता तसाच पुढेही राहणार. नवा उपाय पुढे येईल तेव्हा डॉक्टरांनी, आणि रोग्याच्या आप्तांनीही, एवढे अवश्य विचारावे: याने नाडी सुधारते हे कळले, हा उपाय घेतलेली माणसे, न घेतलेल्यांपेक्षा अधिक जगली काय, अधिक सुखाने जगली काय? विदरिंगने आपल्या वहीत बऱ्या झालेल्यांशेजारी न बरे झालेलेही नोंदविले होते. तशी वही ठेवणाऱ्यालाच या प्रश्नाचे उत्तर देता येते.