दोन वक्रांमधील क्षेत्रफळ

दोन वक्ररेषांनी वेढलेल्या समतल प्रदेशाचे मान निश्चित समाकलाच्या साहाय्याने काढण्याची रीत. क्ष या भुजस्थानी वरच्या वक्राची कोटी फ(क्ष) आणि खालच्या वक्राची ग(क्ष) असेल, तर त्या ठिकाणी प्रदेशाची उंची फ(क्ष) − ग(क्ष) एवढी भरते. प्रदेशाच्या अरुंद पट्ट्या पाडून, प्रत्येकीच्या उंचीला रुंदीने गुणून बेरीज घेतली आणि पट्ट्यांची रुंदी शून्याकडे नेली, म्हणजे ती बेरीज ज्या मूल्याशी स्थिरावते तेच इष्ट क्षेत्रफळ होय.

ज्या मुलखात ओढेनाल्यांनी शेतांच्या हद्दी वाकवल्या आहेत, तेथे या रीतीचे प्रयोजन विशेष ध्यानात येते. धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुका बालाघाटाच्या डोंगररांगांत वसला आहे. अशा तालुक्यात ओढ्याने व्यापलेला भाग पोटखराबा म्हणून सातबाऱ्यात वेगळा दाखवावा लागतो, आणि तो भाग म्हणजे दोन काठांच्या दोन वक्रांमधले क्षेत्रच असते. मोजणी खात्याची जुनी शंकुसाखळी पद्धत हेच तत्त्व स्थूल रूपाने पाळीत असे : शेतातून आधाररेषा आखावी, साखळीने तिच्यावर अंतरे मोजावी, शंकूने काटकोन साधून हद्दीपर्यंतची लंबांतरे घ्यावी, आणि मधल्या तुकड्यांना त्रिकोण व समलंब चौकोन मानून बेरीज करावी. साखळी ३३ फुटांची, तिचा वर्ग म्हणजे एक गुंठा, आणि अशा ४० गुंठ्यांचा एकर.

समजा, भूमच्या परिसरातील एका ओढ्याचे दोन फाटे होऊन ते पुढे पुन्हा मिळाले आहेत, आणि त्यांच्या मधली मळई मोजावयाची आहे. दहा मीटर हे एकक धरल्यास एक चौरस एकक म्हणजे बरोबर एक आर. वरचा काठ ६क्ष − क्ष² आणि खालचा काठ क्ष² − २क्ष या सूत्रांनी दाखवता येतो असे मानू. दोन्ही काठ ० व ४ या स्थानी मिळतात. उंचीतील फरक ८क्ष − २क्ष² असून त्याचे ० ते ४ समाकलन ६४ − १२८/३, म्हणजे २१ १/३ आर, सुमारे २१ गुंठे येते. खालचा काठ काही अंतर आधाररेषेच्याही खाली उतरतो, तरी हिशेबाला बाध येत नाही. कारण रेषा समांतर सरकवून कोठेही आखली तरी दोन कोट्यांतील फरक तोच राहतो. या रीतीचे खरे सौंदर्य मला येथेच दिसते.

याच मळईची रुंदी एकेक एककावर मोजली तर ०, ६, ८, ६, ० अशी लंबांतरे येतात, आणि समलंब चौकोनांच्या बेरजेने २० आर हाती लागतात. काठ बाहेर फुगलेला असल्याने १ १/३ आर जमीन हिशेबाबाहेर राहते. टॉमस सिम्प्सन (१७१०–१७६१) याच्या नावाने ओळखला जाणारा नियम त्याच पाच आकड्यांतून २१ १/३ हे अचूक मान देतो.

या रीतीची मुळे जुनी आहेत : अन्वस्ताच्या खंडाचे क्षेत्रफळ त्याच पायाच्या व उंचीच्या त्रिकोणाच्या ४/३ पट असते, हे आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिद्ध केले होते. आपल्याकडे भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायात गोलाच्या पृष्ठाचे विभाग पाडून बेरजेने पृष्ठफळ काढले आहे. न्यूटन व लायबनिट्स यांनी समाकलन आणि अवकलन यांचा परस्परसंबंध सतराव्या शतकात प्रस्थापित केल्यावर मात्र प्रत्येक आकृतीसाठी स्वतंत्र युक्ती शोधण्याची गरज उरली नाही.

बारावीच्या विद्यार्थ्यांची चूक बहुधा वक्र एकमेकांना छेदतात तेथे होते. क्ष आणि क्ष³ यांच्या फरकाचे −१ ते १ समाकलन शून्य येते, पण प्रत्यक्ष क्षेत्रफळ १/२ आहे. छेदनबिंदूपाशी तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात वरच्या वक्रातून खालचा वजा केला पाहिजे. काठ मागे वळून एकाच भुजावर दोनदा येत असेल, तर पट्ट्या आडव्या घेऊन य-दिशेने समाकलन करावे. म्हणून अभ्यासकाने आकृती काढून छेदनबिंदू निश्चित केल्यावाचून समाकल मांडू नये.