मुळशीचे पाणी कोणत्या खंडात?

मुळशीला पडलेल्या पावसाला समुद्र गाठायच्या दोन वाटा आहेत. एक जुनी. मुळेतून पुण्याकडे, पुढे मुठेला भेटून भीमेत, भीमेतून कृष्णेत, आणि अख्खे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात. दुसरी वाट १९२७ पासूनची. धरणातून बोगद्याने घाटाच्या कडेला, तिथून पोलादी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला, जनित्रे फिरवून कुंडलिकेत, आणि रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीने अरबी समुद्रात. सह्याद्रीच्या माथ्यावरचा थेंब कोणत्या समुद्राचा हे तोवर डोंगराचा उतार ठरवत होता. इथे ते एका वीज कंपनीने ठरवले.

एवढी मोठी उलथापालथ आपल्या इतिहासाच्या कोणत्या कप्प्यात बसते? धरणाचा इतिहास लिहिणारे वेगळे आणि समुद्राचा लिहिणारे वेगळे. मुळशीचे पाणी मात्र दोघांच्याही अंगणातून जाते. मराठीत ही फारकत केव्हा झाली, कोणी केली आणि ती सांधायच्या जवळ कोण कोण येऊन गेले, त्याचा हा मागोवा.

मुळात फारकत नव्हती. १७१५च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारावर एक प्रकरण आहे. गुराबा, गलबते, त्यांची शिबंदी हे सगळे सांगता सांगता पंत लाकडावर येतात आणि किनारा सोडून थेट रानात शिरतात. सागासारखी झाडे राज्याच्या अरण्यातून घ्यावीत, पण परवानगीने. कमी पडेल ते बाहेरच्या मुलखातून विकत आणावे. आंबा-फणसाचे लाकूडही जहाजाला चालते, तरी त्याला हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने पोरांसारखी वाढवलेली असतात. जीर्ण होऊन कामातून गेलेले झाड असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडावे. हा मजकूर आज शिवाजी महाराजांची आज्ञा म्हणून भिंतींवर लावला जातो. लेखक मात्र पंत आहेत, आणि लिहिताना त्यांच्या गाठीशी थोरल्या महाराजांच्या काळापासूनची चाकरी होती. मला त्यातली पर्यावरणाची कळकळ जितकी भावते, त्याहून जास्त त्यातला हिशेब भावतो. जहाज म्हणजे पाण्यावर तरंगणारे जंगल आहे आणि ते जंगल कोणाच्या तरी परड्यातून येते, हे या माणसाला ठाऊक होते. आरमार आणि रान एकाच परिच्छेदात मांडण्यात त्याला काही विशेष वाटले नाही.

वाटायचे कारणही नव्हते. चौलचे बंदर घाटावरच्या मालावर जगत होते. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी नोंदींत चौल सापडते. अरबांनी त्याला सैमूर म्हटले. १४६९मध्ये अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला, पालीवरून घाट चढून जुन्नरला गेला आणि पावसाळा त्याने तिथेच काढला. पालीच्या माथ्यावर आजच्या मुळशीच्या अंगाने तैलबैल्याजवळून सवाष्णी आणि वाघजाईच्या वाटा उतरतात. वर घनगड, कोराईगड, खाली सुधागड आणि सरसगड. हे किल्ले वाटांवर नजर ठेवायला होते, आणि वाटांवरून मीठ वर चढत होते. मुळशीच्या गावांना समुद्र दिसत नव्हता, पण त्याची चव रोजच्या जेवणात होती.

ताटातूट झाली ती पुस्तकांच्या बांधणीत. जेम्स कॅम्बेलच्या देखरेखीखाली मुंबई इलाख्याचे गॅझेटियर तयार झाले. कुलाबा आणि जंजिऱ्याचा खंड १८८३चा, पुण्याचा १८८५चा. अशी चिकाटीची कामे थोडी, आणि आजही त्यांच्याशिवाय कोणाचे पान हलत नाही. पण खंड जिल्हावार होते आणि जिल्ह्याची हद्द सह्याद्रीच्या धारेवरून जात होती. चौल एका खंडात गेले आणि मुळशी पेटा दुसऱ्यात. एकाच घाटवाटेचे वरचे तोंड पुण्याच्या यादीत लागले आणि खालचे कुलाब्याच्या. पुढच्या अभ्यासकांनी जिल्हा घेतला तसा खंड घेतला, आणि डोंगराची धार ही अभ्यासाचीही हद्द होऊन बसली.

त्याच काळात खाली मुंबईत गिरण्यांचे भोंगे वाजत होते. गिरण्यांना कोळसा लागे आणि तो लांबून, बराचसा जहाजांनी यायचा. बंगालचा कोळसा हिंदुस्थानला वळसा घालून येई, दक्षिण आफ्रिकेचाही येई. घाटावरचा पाऊस कोंडून त्याची वीज करावी ही कल्पना डेव्हिड गॉस्लिंग या मुंबईच्या माणसाने मांडली आणि जमशेटजी टाटांनी उचलली. त्यांच्या मृत्यूनंतर १९१०मध्ये कंपनी उभी राहिली, १९१५मध्ये खोपोलीची वीज मुंबईला पोचली. मग आंध्रा खोरे आणि भिवपुरी, आणि तिसरा टप्पा नीला-मुळेच्या संगमाखालचे मुळशीचे धरण. म्हणजे धरणाची गोष्टसुद्धा बंदरापासून सुरू होते. समुद्रमार्गे येणारा कोळसा महाग पडला म्हणून मावळातली भातखाचरे बुडाली. सत्याग्रहाच्या गोष्टीत हा धागा सहसा कोणी ओवत नाही.

सत्याग्रहाची गोष्ट तशी सगळ्यांना माहीत आहे, निदान ठळक तरी. १९२१च्या रामनवमीला, १६ एप्रिलला, मुळशी पेट्यातले शेतकरी आणि पुण्याचे कार्यकर्ते धरणाच्या जागेवर जाऊन बसले. बुडणारी गावे बावन्न सांगितली जातात. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते इथेच. शंकरराव देव, विनायकराव भुस्कुटे, शिवरामपंत परांजपे ही मंडळी तुरुंगात गेली. गांधीजींनी लिहून पाठिंबा दिला. पण कंपनी टाटांची, म्हणजे स्वदेशी. विलायती मालावर बहिष्कार घालणाऱ्या पुण्याला हे गैरसोयीचे होते. तात्यासाहेब केळकरांसारखे पुढारी हळूहळू भरपाई वाढवून घेण्याच्या बाजूला झुकले. १९२४च्या अखेरीस बापटांनी हत्यार घेऊन धरणाच्या कामाची आगगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. अहिंसा तिथे संपली आणि लढाही.

ही गोष्ट पहिल्यांदा पुस्तकात आणली भुस्कुट्यांनी. लढलेल्याने लिहिलेला इतिहास जसा असतो तसाच तो आहे. त्यात तारखा आहेत, धावपळ आहे, माणसांची नावे आहेत आणि हरल्याची चीड आहे. पुढे अनेक वर्षे मुळशी स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात एका परिच्छेदापुरते उरले, आणि तोही बापटांच्या चरित्रातला. हिराकूड-भाक्राच्या काळात धरणाला विरोध करणाऱ्यांची आठवण काढणे सरकारला परवडणारे नव्हते आणि इतिहासकारांनाही फारसे सुचले नाही.

समुद्राचे लेखन तोवर आपल्या वाटेने पुढे गेले होते. भा. कृ. आपट्यांचा मराठा आरमार आणि व्यापारी जहाजांवरचा इंग्रजी ग्रंथ राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने १९७३मध्ये काढला. पाच वर्षांनी व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी मुंबईत मेरीटाइम हिस्टरी सोसायटी स्थापन केली. बी. अरुणाचलम यांच्यासारख्या भूगोलाच्या प्राध्यापकाने गलबतांवरच्या तांडेलांचे तारे, वारे आणि खुणांचे ज्ञान टिपले ते याच वळणाचे काम. आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला जाऊन राहिले. समुद्राच्या इतिहासाची एवढी काळजी असलेला माणूस दुष्काळी पट्ट्यात, भीमेच्या खोऱ्यात. कृष्णेचे पाणी दुसऱ्या समुद्राकडे वळवल्याची झळ ज्या मुलखाला लागते, त्याच मुलखात. यातून काही सिद्ध होत नाही. पण मला हा योगायोग मोठा बोलका वाटतो.

मुळशीकडे नव्याने पाहिले ते राजेंद्र व्होरांनी. व्होरा पुणे विद्यापीठात राज्यशास्त्राचे प्राध्यापक. नाव झाले ते महाराष्ट्राच्या राजकारणावरच्या लेखनाने. सुहास पळशीकरांबरोबर ‘महाराष्ट्रातील सत्तांतर’, पुढे भारतीय लोकशाहीवरचा संपादित ग्रंथ, इरिना ग्लुश्कोवांबरोबर महाराष्ट्रातल्या घर-कुटुंबावरचा, ॲन फेल्डहाउसबरोबर प्रदेश आणि राजकारणावरचा. पर्यावरणाचा इतिहासकार म्हणून त्यांची ओळख कोणी करून दिली नसती. त्यांनीही ती सांगितली नाही. पण ‘मुळशी सत्याग्रह’ हे त्यांचे मराठी पुस्तक १९९४मध्ये आले, नर्मदेचे आंदोलन भरात असताना. जागतिक बँकेने सरदार सरोवरातून अंग काढून घेऊन जेमतेम वर्ष झाले होते. अशा वेळी सत्तर वर्षांपूर्वीची हरलेली लढाई उकरणे ही नुसती संशोधकाची हौस नव्हे.

त्यांनी उकरले ते मात्र अडचणीचे होते. मुळशीची पुष्कळशी जमीन कसणाऱ्यांच्या नावावर नव्हतीच. गहाण-कर्जांतून ती पुण्यातल्या सावकारांकडे गेली होती. सावकाराला जमीन बुडण्याचे दुःख नव्हते, दराची चिंता होती. शेतकऱ्याला दराशी कर्तव्य नव्हते, कारण पैसा त्याच्या हातात यायचा नव्हता. एकाच व्यासपीठावर बसलेल्या या दोघांना वेगवेगळ्या गोष्टी हव्या होत्या, आणि पुढाऱ्यांची उठबस सावकारांत होती. लढा का हरला याचे उत्तर कंपनीच्या ताकदीत आणि कायद्याच्या कलमांत आहेच. ते पुण्याच्या पेठांतही आहे हे व्होरांनी पुण्यात बसून लिहिले. त्यांच्या पुस्तकातला हा भाग मला सर्वांत टिकाऊ वाटतो. धरणविरोधी चळवळींचा इतिहास गौरवगाथा होण्याच्या बेतात असताना त्यांनी त्यात खातेवही आणून ठेवली.

इंग्रजी आवृत्ती २००९मध्ये आली, तेव्हा व्होरा हयात नव्हते. तिच्या मुखपृष्ठावर मुळशीला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले आहे. या दाव्याला जरा मुरड घालावी लागते. कॅलिफोर्नियातल्या हेच हेची खोऱ्यातल्या धरणाविरुद्ध जॉन म्यूर आणि त्याच्या सोबत्यांनी आधीच रान उठवले होते, आणि १९१३मध्ये ते हरलेही होते. फरक असा की ते एका देखण्या खोऱ्यासाठी लढत होते. खोऱ्यातून स्वतः उठावे लागणार म्हणून आडवे पडणारे शेतकरी मुळशीचे, आणि त्या अर्थाने पहिलेपणाचा मान त्यांना द्यायला हरकत नाही.

पर्यावरणाच्या बाजूने त्याच दिशेने चाललेले दुसरे पुणेकर माधव गाडगीळ. वडील धनंजयराव हे अर्थशास्त्रज्ञ. कालव्याच्या पाण्याने गोदावरी-प्रवरेच्या काठी काय आर्थिक बदल झाले, याचा गोखले संस्थेतला त्यांचा अभ्यास १९४८चा. म्हणजे घरात धरणाचा हिशेब होता, पण फायद्याच्या बाजूचा. मुलाने तोट्याची बाजू मांडली. वा. द. वर्तकांबरोबर देवराया पालथ्या घालताना श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी त्यांना कळवले, की आमची राई वाचवा, बारमाही ओढा तिच्यातूनच निघतो. किनाऱ्यावरच्या तालुक्यातले लोक रानाचा आणि पाण्याचा संबंध असा सहज सांगत होते, पंतांनी आज्ञापत्रात सांगितला तितक्याच सहज. रामचंद्र गुहांबरोबर गाडगीळांनी १९९२मध्ये भारताचा पर्यावरणीय इतिहास लिहिला, २०११मध्ये पश्चिम घाटावरचा अहवाल दिला. अहवालाने घाट एकसंध धरला, जिल्ह्याच्या हद्दीने चिरला नाही. त्यावर जो गदारोळ झाला त्यात लवासा हे डोंगरातले नवे शहरही होते, म्हणजे पुन्हा मुळशी तालुका.

इतके सगळे होऊनही पाण्याच्या दोन टोकांचा हिशेब एकत्र मांडलेला सापडतो तो कोणा इतिहासकाराकडे नाही, बच्छावत लवादाकडे. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या त्या निवाड्यात टाटांच्या धरणांतून खोऱ्याबाहेर न्यायच्या पाण्याला मर्यादा घातली आहे: एका वर्षात जास्तीत जास्त ५४.५ टीएमसी, सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी. कोयनेचे वेगळे. वाक्य रूक्ष आहे, पण दोन समुद्रांचा उल्लेख न करता दोन्हींचा वाटा ठरवते. इतिहास लिहायचा तर अशाच वाक्यापासून सुरुवात करावी लागेल.

आणि त्या इतिहासाला भिऱ्याच्या खाली उतरावे लागेल. कोकणातल्या नद्या शिमग्यानंतर दगडगोट्यांच्या होतात. कुंडलिका होत नाही, कारण वीज बाराही महिने लागते. भिऱ्याहून सुटलेल्या पाण्यावर कोलाडला उन्हाळ्यातही राफ्टिंग चालते. डोळवहाळच्या बंधाऱ्यातून हेच पाणी कालव्यांनी रोहा-माणगावच्या शेतांना जाते, रोह्याच्या कारखान्यांना लागते. मावळातल्या बुडालेल्या भाताच्या पाण्यावर कोकणात दुसरे भात उभे राहिले आहे. खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात वर्षभर गोडे मिसळू लागले, त्याने मासळीचे आणि खारभूमीचे काय झाले, हे विचारायला कोर्लई-रेवदंड्याच्या कोळीवाड्यांत जावे लागेल.

पुण्याच्या बाजूला पाऊस लांबला की मुळशीचे पाणी भीमेकडे परत वळवा ही मागणी निघते. त्या मागणीत डोळवहाळचे नाव क्वचितच येते. रोह्याच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या तोंडी ती बावन्न गावे येत नाहीत. आणि ज्यांची जमीन गेली त्यांच्या नातवंडांपैकी जी जलाशयाच्या काठावर राहिली, ती प्यायच्या पाण्यासाठी अजून अर्ज करतात, पुणे जिल्ह्याच्या कचेरीत.