भिवपुरीचं पाणी आणि आईचा गजर

१९२२ साली दोन गोष्टी घडल्या. जानेवारीत टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या शाळकरी मुलाला तिथे तयार झालेलं इन्सुलिन टोचलं गेलं. त्याच वर्षी आमच्या कर्जत तालुक्यात टाटांचं भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. माझा मात्र दोन्हींशी आहे.

मी अकरा वर्षांचा असताना मला टाइप वन डायबेटिस निघाला. त्याआधी मला भिवपुरीचे डोंगरावरून उतरणारे जाड पाइप तेवढे माहीत होते.

शेजारच्या खालापूर तालुक्यातलं खोपोलीचं वीजघर त्याहून जुनं, १९१५चं. युक्ती तीच. घाटमाथ्यावरच्या तलावाचं पाणी पाइपांतून खाली येतं आणि चाक फिरवतं. मुंबईत गिरण्या थांबल्या की विजेची मागणी घटणार, चाकावरचा भार कमी होणार आणि ते सुसाट सुटणार. म्हणून गव्हर्नर हवा. तो वेग ओळखतो, आधी पाण्याची धार थोडी बाजूला वळवतो आणि मग तोटी हळूहळू आवळतो. तोटी एकदम बंद केली तर पाण्याच्या धक्क्याने पाइपच फुटेल.

शरीरातही असा गव्हर्नर असतो. जेवल्यावर रक्तातली साखर वाढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, पेशी साखर आत घेतात, यकृत ती साठवतं. साखर उतरली की ग्लुकागॉन यकृताला साठा सोडायला लावतं. यकृत साखर तयार करतं हे क्लॉद बर्नार यांनी १८४८च्या सुमारास दाखवलं. शरीराच्या आतलं वातावरण स्थिर असतं, ही कल्पनाही त्यांचीच. १८८९ मध्ये मेरिंग आणि मिन्कोव्स्की यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, तर त्याला मधुमेह झाला. वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये या सगळ्या सांभाळाला नाव दिलं : होमिओस्टॅसिस.

माझा गव्हर्नर बंद पडल्यावर ते काम आईकडे आलं. रात्री तीनचा गजर, माझं बोट, सुई, मीटर. पहिल्या महिन्यात साखर पन्नासवर आली की ती घाबरून वाटीभर साखरपाणी पाजायची. तासाभरात आकडा तीनशे. मग इन्सुलिन, मग पुन्हा पन्नास.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी कंट्रोल सिस्टिम्समध्ये हेच भेटलं. परिणाम दिसायला उशीर लागत असेल आणि दुरुस्ती जोराची असेल, तर यंत्र स्थिरावत नाही, झोके खात राहतं. टोचलेलं इन्सुलिन उशिरा लागू होतं आणि तासन्‌तास रेंगाळतं. आई मात्र तोवर शिकली होती. तीन चमचे साखर द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा बघायचं. ती पंधरा मिनिटं ती माझ्या पायाशी बसून राहायची.

लेनर्डचं पहिलं इंजेक्शन अशुद्ध होतं, फारसा उपयोग झाला नाही. बारा दिवसांनी शुद्ध केलेलं दिलं आणि साखर उतरली. तो आणखी तेरा वर्षं जगला, १९३५ मध्ये न्यूमोनियाने गेला. तिशी काही त्याने पाहिली नाही.

मी आता अठ्ठावीसचा आहे. दंडावर सेन्सर आहे, आकडे थेट कर्जतला आईच्या फोनवर जातात. मी म्हटलं, "आई, आता तो तीनचा गजर काढून टाक. साखर उतरली तर फोनच ओरडेल."

"फोनची बॅटरी संपली तर?" ती म्हणाली.

गजर अजून वाजतो.